टाकाऊ वायूवर चाललेली चाके

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि सर्व्हिस मोटारींच्या पाठीमागे एक विलक्षण वस्तू दिसू लागली. एक उभे लोखंडी पिंप, त्याच्या पोटात निखारे, बाजूला हाताने फिरवावयाचा पंखा आणि तेथून पुढे इंजिनापर्यंत नेलेली नळी. पहाटे क्लीनर येऊन तो पंखा फिरवीत बसे, लोणारी कोळसा हळूहळू धुमसू लागे, आणि निघणारा वायू पेटण्याजोगा झाला म्हणजे मग मोटार हले. घाट लागला की तिचा दम संपे आणि उतारूंना खाली उतरून चालावे लागे. त्या मोटारींची थट्टा पुष्कळ झाली. परंतु विद्वानांच्या पुस्तकात दडलेली एक गोष्ट त्यांनी खेड्यापाड्यांतील माणसाला डोळ्यांनी दाखविली, ती ही की इंजिनाला पेट्रोलच हवे असते असे नाही. त्याला हवेत मिसळणारा आणि ठिणगी पडताच पेट घेणारा वायू हवा असतो. पेट्रोलदेखील द्रवरूपात जळत नाही. कार्बुरेटर त्याचे बारीक तुषार करतो, तुषारांची वाफ होते, आणि मग ती वाफ जळते. असे जर आहे, तर मुळातच वायुरूप असलेले इंधन इंजिनाला का देऊ नये?

प्रश्न सरळ आहे, आणि तो मोटारीइतकाच जुना आहे. अडचण होती ती साठवणीची. वायूला जागा फार लागते. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये दगडी कोळशापासून काढलेला दिव्याचा वायू मोठमोठ्या पिशव्यांत भरून त्या मोटारींच्या टपावर बांधीत असत. पिशवी मोटारीएवढी दिसे आणि थोड्याच मैलांत रिकामी होई. वायू दाबून भरावा म्हटले तर जाड पोलादाची नळकांडी लागत, आणि त्यांचे ओझे वाहण्यातच इंजिनाची बरीच शक्ती खर्ची पडे. हवा होता तो असा पदार्थ, की जो टाकीत असताना पाण्यासारखा द्रव राहील आणि इंजिनात शिरताना वायू होईल. निसर्गाने असा पदार्थ घडवून ठेवलेला होता. इतकेच नव्हे, तर तेलाच्या विहिरींवर तो रात्रंदिवस जाळून फुकट घालविला जात होता. त्याचे नाव प्रोपेन.

कार्बनचे तीन आणि हायड्रोजनचे आठ अणू एकत्र येऊन प्रोपेनचा रेणू होतो. १८५७ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बेर्तेलो याने तो ओळखला, आणि १८६४ मध्ये एडमंड रोनाल्ड्स याला तो पेनसिल्वेनियाच्या खनिज तेलात विरघळलेला आढळला. शून्याखाली ४२ अंश सेल्सिअसला तो उकळतो. म्हणजे आपल्या नेहमीच्या हवेत तो मोकळा सोडला तर क्षणात वायू होऊन जातो. परंतु वातावरणाच्या आठनऊ पट दाबाखाली तोच वीस अंशाला द्रवरूपात स्वस्थ राहतो. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांवर गेला तर हा दाब सुमारे तेरा पट होतो. साध्या पोलादी टाकीला एवढा दाब सहज पेलतो. खाणीतून मिळणाऱ्या नैसर्गिक वायूची गोष्ट निराळी. त्यातला मिथेन कितीही दाबला तरी सामान्य तापमानाला द्रव होतच नाही. म्हणूनच आजच्या सीएनजी मोटारींत तो वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाबाखाली कोंबून न्यावा लागतो. उलट एक लिटर द्रव प्रोपेन मोकळा केला तर त्याचा सुमारे २७० लिटर वायू होतो. एवढ्या वायूसाठी टपावर किती मोठी पिशवी बांधावी लागली असती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

हा पदार्थ व्यवहारात कसा आला याची हकीकत प्रोपेनच्या धंद्यातील लोक मोठ्या आवडीने सांगतात. १९१० साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे सरकारी खाण-खात्यात वॉल्टर स्नेलिंग नावाचा रसायनशास्त्रज्ञ काम करीत होता. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीच्या एका मालकाने तक्रार केली की, विकत घेतलेले पेट्रोल घरी पोहोचेपर्यंत निम्मे उडून जाते. त्या काळी विहिरीच्या तोंडाशी निघणाऱ्या वायूतून मिळविलेले फार हलके पेट्रोल बाजारात येत असे. स्नेलिंगने त्या पेट्रोलचा नमुना काचेच्या भांड्यात घेतला, पण प्रयोगशाळेत नेत असता वाफेच्या जोराने भांड्याचे बूच पुनःपुन्हा उडू लागले. पाणी तापविण्याच्या जुन्या बंबाची नागमोडी नळी आणि हाती लागतील ती उपकरणे जुळवून त्याने एक यंत्र तयार केले आणि त्या पेट्रोलचे निरनिराळे घटक वेगळे केले. उडून जाणारा भाग मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन यांचा होता. गिऱ्हाईक ज्याला फसवणूक समजत होते, तोच खरा माल निघाला!

१९१२ साली एका घरात या वायूवर स्वयंपाक झाला, आणि १९१३ साली त्यावर पहिली मोटार चालली असे सांगतात. त्याच वर्षी २५ मार्चला स्नेलिंगला आपल्या रीतीचे पेटंट मिळाले आणि त्याने ते पुढे तेलाच्या व्यवसायातील फ्रँक फिलिप्स यांस ५० हजार डॉलरला विकले. मोटारीचा प्रयोग मात्र तेथेच थांबला. पेट्रोल स्वस्त होते, पंप गावोगाव होत होते. दाबाखालचा द्रव भरून देणारे दुकान कोण काढणार? पुढील पंचवीस वर्षे प्रोपेनने मुख्यतः चूल आणि दिवा यांचीच सेवा केली.

मध्यंतरी त्याच्या एका आतेभावाने आकाशात नाव कमावले. जर्मनीत आउग्सबुर्ग येथील हेर्मान ब्लाऊ याने तेल तापवून त्याचे विघटन करण्याची रीत काढून एक वायू तयार केला होता. त्याला त्याच्याच नावाने ‘ब्लाऊगॅस’ म्हणत. १८ सप्टेंबर १९२८ रोजी प्रथम उडालेले ‘ग्राफ त्सेपेलीन’ हे प्रचंड विमानजहाज या वायूवर चाले. त्यामागची युक्ती मोठी सुंदर आहे. हायड्रोजनच्या जोरावर तरंगणारे जहाज पेट्रोल जाळील तसतसे हलके होत जाते आणि वर चढू लागते. मग त्याला खाली ठेवण्यासाठी मौल्यवान हायड्रोजन सोडून द्यावा लागतो. ब्लाऊगॅसचे वजन जवळजवळ हवेइतकेच. तो जळाला, त्याची जागा हवेने घेतली, आणि जहाजाचे वजन होते तेवढेच राहिले. १९२९ च्या ऑगस्टमध्ये या जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वायुरूप इंधन ही केवळ टंचाईच्या काळातील तडजोड आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तथापि प्रोपेनला खरे घर मिळाले ते आकाशात नव्हे, पक्क्या रस्त्यावरही नव्हे. ते मिळाले नांगरलेल्या शेतात. अमेरिकेच्या टेक्सास, ओक्लाहोमा, कान्सास या राज्यांत गहू आणि कापूस पिकतो आणि त्याच जमिनीखाली तेलही आहे. तेलाबरोबर वर येणारा वायू विहिरीपाशीच पेटवून दिला जाई. त्यातून निघणारा प्रोपेन शेतकऱ्याला अत्यंत स्वस्तात मिळू शके. शिवाय खेड्यातल्या घरापाशी स्वयंपाकासाठी आणि हिवाळ्यातल्या उबेसाठी प्रोपेनची मोठी टाकी बसविलेली असेच. मग शेतकऱ्याच्या मनात जे यावयाचे तेच आले: जी टाकी घर तापविते, तिनेच ट्रॅक्टर का ओढू नये? गावच्या फिटरांनी आपापल्या बुद्धीने ट्रॅक्टर बदलण्यास सुरुवात केली, आणि १९४१ साली मिनियापोलिस-मोलिन या कंपनीने आपला ‘यू’ जातीचा ट्रॅक्टर कारखान्यातूनच प्रोपेनसाठी सज्ज करून बाहेर काढला. तसा हा पहिलाच ट्रॅक्टर मानला जातो.

या कंपनीबद्दल आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९४० साली तिने सैन्यासाठी ट्रॅक्टरवरून एक ओढगाडी तयार केली होती, आणि मिनेसोटाच्या सैनिकांनी तिलाच प्रथम ‘जीप’ हे नाव दिले असा कंपनीचा दावा होता. विलिस आणि फोर्ड यांनी बनविलेल्या छोट्या लष्करी गाडीने ते नाव पुढे कायमचे आपलेसे केले. या दाव्याचा निकाल इतिहासकार लावोत. परंतु रस्ता सोडून चालणाऱ्या दोन्ही वाहनांचे नाते पुढे प्रोपेनने पुन्हा जुळविले, हे मात्र खरे.

पेट्रोलचा ट्रॅक्टर प्रोपेनवर आणावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे? काम पाहता थोडे आहे, पण त्यात कसब आहे. प्रथम जाड पत्र्याची, दोन्ही टोकांना गोलाई दिलेली टाकी. ती कधीही काठोकाठ भरावयाची नाही. ऐंशी टक्क्यांवर थांबावयाचे. प्रोपेनचा द्रव उष्णतेने फार फुगतो, आणि वर मोकळी जागा नसेल तर सकाळी गारव्यात भरलेली टाकी दुपारच्या उन्हात फुटण्यापर्यंत पाळी येते. जास्तीचा दाब सोडून देणारी एक झडप टाकीला असते; ती नेहमी वरच्या, वायूच्या बाजूस हवी. टाकीच्या तळातून द्रव निघतो, गाळणीतून जातो, आणि मग एका झडपेपाशी थांबतो. इंजिन चालू असेल तरच ती झडप उघडते. इंजिन बंद पडले की वायूही बंद. ही झडप नसलेली गाडी म्हणजे दार सताड उघडे टाकून यात्रेला गेलेले घर होय.

त्यापुढे येतो तो या साऱ्या व्यवस्थेचा प्राण, कन्व्हर्टर. येथे द्रवाचा वायू होतो आणि टाकीतला दाब दोन टप्प्यांत उतरवून जवळजवळ हवेच्या दाबावर आणला जातो. द्रवाची वाफ होताना ती भोवतालची उष्णता ओढून घेते. मातीच्या माठातले पाणी ज्या नियमाने गार होते त्याच नियमाने. प्रोपेनच्या बाबतीत हा गारवा इतका तीव्र असतो की कन्व्हर्टरवर बर्फ धरते आणि आतला पडदा ताठ होऊन वायूच अडतो. म्हणून इंजिन थंड ठेवणारे पाणी कन्व्हर्टरभोवती खेळवितात. इंजिनाला नको असलेली उष्णता इंधनाला हवी असते, अशी ही दोन्हीकडची सोय आहे. पण सकाळी इंजिनच गार असले तर? त्यासाठी जुन्या ट्रॅक्टरांच्या टाकीला दोन तोट्या असत, एक वरची वायूची आणि दुसरी तळाची द्रवाची. वरच्या तोटीवर इंजिन सुरू करावयाचे, पाणी कोमट झाले की खालची तोटी उघडावयाची. घाई करणाऱ्याचा ट्रॅक्टर बांधावरच गोठून उभा राही.

कार्बुरेटरच्या जागी हवा आणि वायू मिसळणारे साधे यंत्र बसते. एवढ्याने ट्रॅक्टर चालू लागतो. परंतु तेवढ्यावर थांबणाऱ्याच्या पदरी निराशाच येई. प्रोपेनचा एक लिटर पेट्रोलच्या एका लिटरच्या सुमारे तीन-चतुर्थांश इतकीच उष्णता देतो. म्हणजे टाकी मोठी हवी आणि लिटरमागे काम कमी. ही तूट अंशतः भरून काढणारा त्याचा एक गुण आहे. त्याचा ऑक्टेन-अंक शंभराच्या वर असल्यामुळे तो दाबाखाली अवेळी पेट घेत नाही, आणि त्यामुळे इंजिनात मिश्रण अधिक दाबून मग जाळता येते. जितके अधिक दाबावे तितकी त्याच उष्णतेतून अधिक शक्ती मिळते. त्या काळचे पुष्कळसे ट्रॅक्टर रॉकेलसारख्या हलक्या प्रतीच्या तेलावर चालण्यासाठी केलेले असत. त्यांत दाब अगदी कमी ठेवलेला असे आणि ते जड तेल वाफ व्हावे म्हणून आत येणारे मिश्रण मुद्दाम तापवीत असत. प्रोपेनला या दोन्ही गोष्टी मारक. तापलेला वायू विरळ होतो, आणि इंजिनाच्या पोटात इंधन कमी जाते. म्हणून जाणता फिटर उंच डोक्याचे पिस्टन बसवी आणि मिश्रणाची तापलेली वाट बदलून थंड वाट करी. केवळ टाकी आणि नळी जोडून देणारा माणूस शेतकऱ्याचे पैसे घेई आणि दोष मात्र प्रोपेनच्या माथी बसे.

योग्य रीतीने बदललेल्या ट्रॅक्टरची कीर्ती मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांत झपाट्याने पसरे, आणि तिचे कारण शक्ती नव्हते. ते होते वंगण. पेट्रोल किंवा रॉकेल पुरते न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली झिरपते आणि तेलात मिसळून ते पातळ करते. प्रोपेन वायूच असल्यामुळे झिरपण्याचा प्रश्नच येत नाही. तेल बराच काळ स्वच्छ राहते, काजळी धरत नाही, प्लग टिकतात. पिकाच्या दिवसांत ट्रॅक्टर खोलून बसण्याची पाळी न येणे, याची किंमत ज्याने उभे पीक आणि दाटलेले आभाळ एकाच वेळी पाहिले आहे त्याला सांगावी लागत नाही.

१९५० च्या दशकात केस, ऑलिव्हर, इंटरनॅशनल हार्वेस्टर, जॉन डिअर या साऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपल्या ट्रॅक्टरांत प्रोपेनचा प्रकार ठेवला. जॉन डिअरचा ‘६०’ आणि ‘७०’ हे ट्रॅक्टर शेतकरी पेट्रोल, हलके तेल किंवा प्रोपेन यांपैकी हव्या त्या इंधनासाठी घेऊ शके. कापसाच्या शेतात तर प्रोपेनच्या ज्वाळेनेच ओळींमधले तण जाळण्याची रीत निघाली. शहरांनीही मागे राहण्याचे नाकारले. शिकागोच्या वाहतूक संस्थेने १९५० साली प्रोपेनवर चालणाऱ्या बसगाड्या मागविल्या.

दशकाच्या अखेरीस तर एक चमत्कारिक वाटणारा प्रयोग झाला. १९५९ च्या ऑक्टोबरात अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने एक ट्रॅक्टर लोकांपुढे आणला. त्यात सिलिंडर नव्हते, पिस्टन नव्हते, ठिणगी नव्हती. १००८ इंधन-घट एकत्र जोडून त्यांत मुख्यतः प्रोपेन असलेला वायू सोडला होता. तो न जळताच रासायनिक क्रियेने वीज देई आणि त्या विजेवर वीस अश्वशक्तीची मोटार नांगर ओढी. तो ट्रॅक्टर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात गेला, आणि इंधन-घटाची गाडी रस्त्यावर यावयास आणखी कित्येक दशके जावी लागली.

मग हे सारे मागे का पडले? डिझेलमुळे. डिझेल इंजिन त्याच कामाला कमी इंधन खाई, आणि त्याचे तेल साध्या पिंपात भरून शेताच्या कडेला ठेवता येई. प्रोपेन भरण्यासाठी ट्रॅक्टर मोठ्या टाकीपाशी न्यावा लागे किंवा दाबाची टाकीगाडी शेतावर आणावी लागे. नळ्या घट्ट आवळाव्या लागत, हातमोजे घालावे लागत, कारण द्रव प्रोपेन कातडीवर पडला तर भाजल्यासारखी जखम होते. १९६० आणि १९७० च्या दशकांत शेतीच्या मोठ्या यंत्रांत डिझेलने पुरती सत्ता मिळविली.

या वायूचा एक स्वभाव मात्र कधी विसरू नये. तो हवेपेक्षा सुमारे दीडपट जड आहे. गळला तर वर उडून जात नाही. पाण्यासारखा उतार शोधतो, खड्ड्यात, तळघरात, दुरुस्तीसाठी खणलेल्या चरात जाऊन बसतो आणि ठिणगीची वाट पाहतो. हवेत तो शंभरात दोन भाग असला तरी पेट घेऊ शकतो. त्याला स्वतःचा वासही नाही. आपल्या घरच्या सिलिंडरला जो उग्र, कुजकट वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन नावाच्या द्रव्याचा. इंधनवायूला वास असलाच पाहिजे हा धडा जगाने फार मोठी किंमत देऊन घेतला. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधील न्यू लंडन गावच्या शाळेत तळाशी साचलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला आणि तीनशेच्या जवळपास जीव गेले. त्यांत बहुसंख्य मुले होती. तो वायू प्रोपेन नव्हता. परंतु तोही वासहीन होता, आणि कोणालाही त्याचा सुगावा लागला नव्हता. त्यानंतर थोड्याच काळात टेक्सासने वायूत वास मिसळण्याचा कायदा केला आणि ती पद्धत सर्वत्र पसरली.

डिझेलने शेतातून हुसकलेला प्रोपेन दोन ठिकाणी टिकून राहिला. पहिले ठिकाण म्हणजे गोदाम. तेथे ओझी उचलणारी फोर्कलिफ्ट गाडी बंद छपराखाली फिरते, आणि नीट जुळविलेल्या प्रोपेन इंजिनाचा धूर पेट्रोलपेक्षा पुष्कळ सौम्य असतो. निरुपद्रवी मात्र नव्हे. हवेचे प्रमाण बिघडले तर त्यातूनही विषारी कार्बन मोनॉक्साइड निघतो. दुसरे ठिकाण म्हणजे डोंगर. तेथे त्याची गाठ पुन्हा जीपशी पडली.

महायुद्ध संपल्यावर हजारो जीप स्वस्तात विकल्या गेल्या आणि अमेरिकेत त्या घेऊन खडकाळ डोंगर चढण्याचा छंद सुरू झाला. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातील रुबिकॉन वाटेने १९५३ पासून दरवर्षी जीपवाल्यांची यात्राच निघू लागली. या मंडळींना इंजिनाची शक्ती कमी पडली नाही. त्यांना नडली ती कार्बुरेटरमधली एक चिमुकली वाटी. कार्बुरेटरच्या पोटात पेट्रोलची एक वाटी असते आणि तिच्यात एक पोकळ गोळा तरंगत असतो. पातळी खाली गेली की गोळा उतरतो आणि पेट्रोल आत येते. पातळी वर आली की वाट बंद. सपाट रस्त्यावर ही युक्ती बिनचूक चालते. पण गाडी तीव्र चढावर उभी राहिली, किंवा एका बाजूला कलंडली, की वाटीतले पेट्रोलही कलते. एक तर ते इंजिनात नको तितके सांडते, किंवा मुळीच पोहोचत नाही. नेमक्या अवघड जागी, एक चाक अधांतरी असताना, इंजिन गचके देऊन बंद पडते. आणि मागे दरी असते.

प्रोपेनच्या गाडीत ही वाटीच नाही. वायूला चढ आणि उतार सारखेच. म्हणून फोर्कलिफ्टची टाकी, तिचाच कन्व्हर्टर आणि तिचेच मिश्रण-यंत्र उचलून ते जीपवर बसविण्याची रीत छंदिष्टांत रूढ झाली. गोदामाच्या गुळगुळीत फरशीवरचे सामान खडकांत नेताना काही नव्या गोष्टी शिकाव्या लागल्या. कन्व्हर्टरमधला रबरी पडदा हलका आणि हळवा असतो. तो आडवा बसविला तर प्रत्येक दणक्यासरशी थरथरतो आणि वायू कमीजास्त होतो. म्हणून तो उभा आणि गाडीच्या लांबीला समांतर बसवितात. कन्व्हर्टर रेडिएटरच्या माथ्यापेक्षा खाली हवा, नाही तर पाण्यात हवेचा बुडबुडा अडकून तो गोठतो. टाकी चेसिसच्या आत, दगडाला सहज लागणार नाही अशी आणि प्रत्येक दिशेने आवळलेली असावी लागते. फोर्कलिफ्टची टाकी आडवी घालताना तिच्या कड्यातील खुंटी ठरलेल्या छिद्रातच बसवावी लागते, कारण टाकी तशी बसली तरच आतली नळी द्रवात राहते आणि दाब सोडणारी झडप वायूत. एवढी काळजी घेतली की जीप खडकावर जवळजवळ उभी झाली तरी तिचे इंजिन शांतपणे धडधडत राही. उन्हाळ्यात उंच डोंगरावर पेट्रोलची नळीतच वाफ होऊन पंप अडण्याचा त्रासही अशा गाडीला नसे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पेट्रोल सुईसारख्या तोटीतून थेट फवारणारी यंत्रणा जीपगाड्यांत येऊ लागली. तिच्यातही ती वाटी नाही. प्रोपेनचे मुख्य प्रयोजन तेथे संपले. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्या जपणाऱ्या लोकांनी तेवढे ते धरून ठेवले.

आपल्याकडे या वायूचा प्रवेश झाला तो चुलीच्या वाटेने. तुर्भ्याचे तेलशुद्धीकरण कारखाने १९५४-५५ मध्ये सुरू झाले आणि त्याच सुमारास बर्मा-शेलने मुंबईत घरगुती सिलिंडर देण्यास प्रारंभ केला. इंडियन ऑइलचा ‘इंडेन’ १९६५ मध्ये आला. १९७४ साली मुंबईच्या समुद्रात तेल सापडले. तेथील वायूचा बराच भाग आरंभी जाळून टाकावा लागे. तो पुढे नळाने उरणला येऊ लागला आणि त्यातून प्रोपेन-ब्यूटेन वेगळा होऊ लागला. आपला सिलिंडर म्हणजे शुद्ध प्रोपेन नव्हे. त्यात ब्यूटेनचे मिश्रण असते. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच उकळत असल्यामुळे कडाक्याच्या थंडीत तो निरुपयोगी ठरतो. आपल्या हवेत त्याची अडचण होत नाही.

परंतु येथे एक निराळाच पेच उभा राहिला. घरगुती वायूला सरकारी अनुदान होते, पेट्रोलवर मोठा कर होता. दोन इंधनांच्या किमतींत एवढी तफावत पडल्यावर टॅक्सी किंवा व्हॅन चालवून पोट भरणाऱ्या माणसाचे लक्ष स्वयंपाकघरातल्या लाल सिलिंडरकडे गेले नसते तरच नवल. गावोगावच्या गॅरेजांतून, बोभाटा न करता, गाड्या बदलल्या जाऊ लागल्या. मागच्या आसनाखाली घरचा सिलिंडर, साधी रबरी नळी, आणि कोठून तरी मिळविलेला कन्व्हर्टर. ऐंशी टक्क्यांवर भरणे थांबविणारी झडप नाही, नळी तुटताच प्रवाह अडविणारी व्यवस्था नाही, गळलेला वायू गाडीबाहेर नेणारे वेष्टण नाही. आणि अशा गाड्यांतून सकाळ-संध्याकाळ शाळेची मुले जात. असल्या गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत राहिल्या. दोष त्या चालकाचा होताच. पण जे इंधन इतर देशांत बसगाड्यांना राजरोस मिळत होते, त्याला आपल्या कायद्यात मोटारीसाठी जागाच ठेवलेली नव्हती, हीही गोष्ट तितकीच खरी. जागा नसली म्हणून वापर थांबला नाही, तो फक्त नजरेआड झाला.

२००० साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा वायूवर वाहन चालविण्यास मुभा मिळाली. २००१ मध्ये मोटारींतील वापराचे नियमन करणारा स्वतंत्र आदेश निघाला. त्यानुसार मोटारीची टाकी निराळी, कायमची बसविलेली आणि मान्यताप्राप्त असावी लागते. यंत्रसामग्री मंजूर असावी लागते. बदलाची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते. आणि वायू भरावयाचा तो त्यासाठी असलेल्या पंपावरच. घरगुती सिलिंडर मोटारीस जोडणे हा गुन्हाच आहे. बंगळूर आणि हैदराबाद येथे या वायूवरील रिक्षा मोठ्या संख्येने धावू लागल्या. कलकत्त्यात उच्च न्यायालयाच्या २००८ च्या आदेशानंतर पुढील वर्षी जुन्या दोन-फटक्यांच्या रिक्षांची जागा त्यांनी घेतली. इतरत्र सीएनजीच्या नळांचे जाळे पसरत गेल्यामुळे या वायूचा व्याप मर्यादित राहिला. जेथे सीएनजीचा नळ पोहोचलेला नाही आणि या वायूचा पंपही जवळ नाही, त्या तालुक्याच्या गावी मागच्या आसनाखाली काय ठेवले आहे ते पाहण्यासाठी आजही तपासनिसाला वाकूनच पाहावे लागते.